आप्पांचा रेडिओ शहाडकडे वळला तेव्हा

भुतंखेतं, संकेत, दृष्टांत... यातलं काहीही मी कधी मानलेलं नाही. ठाण्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. स्लाइडवर जे दिसतं ते लिहायचं, दिसत नाही ते लिहायचं नाही — इतकी वर्षं हेच करत आलेय. घरात कुणी दृष्ट काढायला मीठ-मोहरी घेतली की मी उठून बाल्कनीत जाते. या पेजवरचे असले अनुभवसुद्धा मी डबा खाताना टाइमपास म्हणून वाचायचे आणि खरं सांगायचं तर बरेच वाचून हसायचे. त्यामुळे आज हे लिहिताना थोडी लाज वाटतेय. पण संजय, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "लिहून टाक वैशू. आपल्या दोघांच्या डोक्यात हे किती दिवस फिरत राहणार?"

आम्ही डोंबिवली पूर्वेला मानपाड्याला राहतो. आई गेल्यापासून माझे वडील, आप्पा, आमच्याकडेच होते. मूळचे राजापूरकडचे. इथल्याच एमआयडीसीत एका कंपनीत फिटर म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. शांत माणूस. दोन-अडीच वर्षांपूर्वी विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग नावं, मग रस्ते. डॉक्टरांनी मेंदूचा स्कॅन दाखवून मला सगळं नीट समजावलं. मी मान डोलावत होते, पण लॅबवाली असूनही घरी येऊन बाथरूममध्ये रडले.

सगळं विसरले तरी आप्पांचा रेडिओ सुटला नाही. रोज सकाळी अंघोळ करून, भांग पाडून ते खुर्चीत बसायचे आणि मराठी बातम्या लागायची वाट बघायचे. बातम्या, मग भक्तिगीतं, मग शेतीचा कार्यक्रम. तेवढा वेळ ते अगदी पूर्वीचे आप्पा असायचे. पोहे खायचे, गोळ्या घ्यायचे, मला "वैशाली" म्हणून हाक मारायचे. एरवी मी कधी त्यांची बहीण असायचे, कधी शेजारीण.

जुन्या ट्रान्झिस्टरची खरखर त्यांना सहन होईना, म्हणून संजयने डिजिटल रेडिओ आणला. हातात मावेल एवढा, वर लांब होणारी दांडी, पुढे छोटी स्क्रीन. आवाज काचेसारखा स्वच्छ. पण या डिजिटलची एक गोष्ट आम्हाला नंतर कळली. साधा रेडिओ सिग्नल कमी झाला की खरखरतो, कुरकुरतो, पण बोलत राहतो. हा तसा नाही. सिग्नल पुरेसा असला की अख्खा कार्यक्रम, नसला की काहीच नाही. मधलं काही नाहीच. मेल्यासारखा गप्प.

आणि तो गप्प झाला की आप्पा उठायचे. "केंद्र कुठे गेलं?" म्हणत दाराकडे जायचे, कडी चाचपायचे. त्यांना वाटायचं, कुणी तरी निघून गेलंय आणि त्याला हाक मारून परत आणलं पाहिजे.

म्हणून मी त्या रेडिओच्या मागे लागले. आमची बिल्डिंग नवीन, भिंती सगळ्या काँक्रीटच्या, सळ्यांनी भरलेल्या. आत सिग्नल येणार कुठून? एका रेडिओवेड्या लोकांच्या ग्रुपवर विचारलं. तिथे कळलं की वरची दांडी कितीही ओढा, या स्टेशनला तिचा उपयोग नाही. खरा अँटेना आतमध्ये आहे, खडूसारखी एक काळी कांडी. तिच्यासाठी अख्खा रेडिओच फिरवावा लागतो. तोंड मुंबईच्या बाजूला, म्हणजे आमच्याकडून पश्चिमेला केलं की सिग्नल भरतो, आडवा फिरवला की पडतो. मग एलईडी ट्यूब बंद करून बघितली, मोबाइलचे चार्जर काढले, वायफायचा डबा दुसऱ्या खोलीत नेला. वायरचा एक मोठा वेढा करून खिडकीच्या ग्रिलला लावला. शेवटी बाल्कनीच्या कट्ट्यावर एक जागा सापडली, जिथे रेडिओ बरोबर पश्चिमेला तोंड करून ठेवला की दिवसभर बोलायचा. मी तिथे चिकटपट्टी लावून खूण करून ठेवली. त्या दिवशी आप्पांनी पोहे दोनदा मागून घेतले. घरात सण असल्यासारखं वाटलं मला.

आता मूळ गोष्ट.

होळी होऊन गेलेली, ऊन कडक झालेलं. एका दुपारी आप्पा घरातून गेले. मी ठाण्याला लॅबमध्ये होते. संजय घरीच होता, त्याला ताप होता, औषध घेऊन झोपलेला. त्यांची देखभाल करणाऱ्या मावशी कपडे वाळत घालत होत्या. त्या आत आल्या तर दार उघडं आणि चपला जागेवर नाहीत. बिल्डिंगला रंगकाम चालू होतं, खाली माणसांची ये-जा. वॉचमनला वाटलं, आजोबा नेहमीसारखे खाली बसायला चाललेत.

मी कशी घरी पोचले ते मला आठवत नाही. पोलिसांत तक्रार दिली. फोटो सगळ्या ग्रुपवर टाकला. दत्तात्रय नाव, निळा चेक्सचा शर्ट, डाव्या भुवईवर जुना व्रण. रिक्षा स्टँड, बस डेपो, देवळं, त्यांची जुनी कंपनी, डोंबिवली-कल्याणमधली हॉस्पिटलं. प्रत्येक अनोळखी म्हातारा मागून आप्पाच दिसायचा. दोनदा मी धावत जाऊन परक्या माणसाचा दंड धरला. रात्र तशीच गेली. आप्पांना शुगर होती, गोळ्या पोटात नव्हत्या, आणि दुसऱ्या दिवशीचं ऊन तर सकाळपासूनच तापायला लागलेलं.

सकाळी मी कपडे बदलायला घरी आले. संजय तापातच सोफ्यावर फोन घेऊन बसला होता. आप्पांच्या बातम्यांची वेळ झालेली. आणि मला काय झालं माहीत नाही... मी बाल्कनीत गेले आणि त्यांचा रेडिओ लावला. आवाज पूर्ण मोठा. डोक्यात एवढंच होतं की ते जवळपास कुठे असतील तर ऐकतील. रेडिओ लागलाय म्हटल्यावर घरी येतील.

रेडिओ लागेना.

खुणेच्या जागी ठेवला, पश्चिमेला तोंड. काही नाही. बंद करून चालू केला. ग्रिलवरची वायर काढून परत लावली. घरातला मेन स्विच पाडला, म्हणजे कुठलाच अडथळा नको. तरी गप्प. मी त्या रेडिओला अक्षरशः हात जोडले हो! मी — जिने कधी देवासमोर नीट जोडले नाहीत. लाग ना रे, लाग ना... मला वाटायला लागलं होतं की हा लागला नाही तर आप्पा सापडणारच नाहीत. वेडेपणा आहे, कळत होतं. तरी मी तो उचलून छातीशी धरून गोल गोल फिरत होते.

आणि एका बाजूला तोंड झालं तेव्हा सिग्नलच्या सगळ्या रेघा भरल्या.

मी थांबले. पुन्हा फिरवून बघितलं. पश्चिमेला शून्य. आणि कल्याणच्या बाजूला तिरका धरला की पूर्ण. एवढा पूर्ण सिग्नल त्या रेडिओत मी कधीच बघितला नव्हता. स्क्रीनवर नेहमी स्टेशनचं नाव येतं, ती जागा कोरी.

आवाज नव्हता. म्हणजे बातम्या नव्हत्या. पण तो मेलेला गप्पपणाही नव्हता. एखाद्याने फोन उचलावा आणि बोलू नये, तेव्हा पलीकडची खोली ऐकू येते ना... तसं. मी कान लावला. पाणी ठिबकत होतं. टप... टप. एक कावळा ओरडला. लांबून ट्रेनचा भोंगा.

मग कुणी तरी खोकलं.

म्हाताऱ्या माणसाचा कोरडा, दमलेला खोकला. मी ओरडले, "संजय! आप्पा!"

तो धावत आला. मी रेडिओच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडत होते, "आप्पा! आप्पा, ऐकू येतंय का? झोपू नका हं! आम्ही येतोय, झोपू नका!"

संजयने माझे खांदे धरले. "अगं वैशू, शुद्धीवर ये. रेडिओ आहे तो. तो फोन नाही."

"तू ऐक ना आधी!"

त्याने ऐकलं. टप... टप... आणि पुन्हा खोकला. संजयचा चेहरा उतरला. संजय इलेक्ट्रिकल मेंटेनन्समधला माणूस, कुठलीही गोष्ट दोनदा तपासल्याशिवाय न मानणारा. त्याने रेडिओ माझ्या हातून घेतला, मागचं झाकण काढून बॅटरी बघितली, ब्लूटूथ वगैरे काही जोडलंय का ते तपासलं. मग स्वतः फिरवून बघितला. तीच दिशा.

"कुणाचं तरी लहान बाळाजवळ ठेवतात ते यंत्र असेल," तो म्हणाला, पण स्वतःशीच बोलल्यासारखा. "पण ते रेडिओच्या या पट्ट्यात कसं..."

"मला जायचंय."

"कुठे? ही कांडी पुढून आणि मागून सारखंच पकडते. म्हणजे कल्याणकडे नाही तर उलट दिव्याकडे. किती अंतर, तेही कळत नाही. आणि वैशू, हे आप्पा असतील कशावरून?"

"मग मी इथे काय करू? सांग ना, काय करू मी?"

अंगात ताप असताना त्याने बाइकची चावी घेतली.

शीळ रोडने आम्ही कल्याणच्या दिशेने निघालो. मी मागे बसलेले, रेडिओ ओढणीत गुंडाळून मांडीवर. गाडी चालू असताना इंजिनामुळे काही पकडत नव्हता. पत्रीपुलाजवळ थांबून बघितलं तर रेल्वेच्या वायरींमुळे तिथेही गप्प. वाटलं संपलं, गेला तो आवाज. संजय म्हणाला, "लाइनपासून लांब जाऊ." कल्याण पूर्वेला एका शाळेच्या मोकळ्या मैदानात गेलो. मी रेडिओ हातात धरून हळूहळू वळत होते, आणि ग्राउंडवर खेळणारी मुलं माझ्याकडे बघून हसत होती. हसू देत.

लागला. पुन्हा सगळ्या रेघा. यावेळी तोंड जवळजवळ पूर्वेला होतं.

संजयने मोबाइलवर नकाशा उघडला. मानपाड्याहून एक रेघ, इथून दुसरी. "दिव्याकडचा असता तर इथूनही जवळजवळ तीच दिशा आली असती," तो म्हणाला. दोन्ही रेघा जिथे एकमेकींना छेदत होत्या तिथे त्याने बोट ठेवलं. शहाड. नदीच्या अलीकडे.

रेडिओतून खोकला आता येत नव्हता. नुसतं पाणी. टप... टप...

"लवकर चल रे," मी म्हणत होते. "लवकर चल."

शहाडला स्टेशन ओलांडून नदीच्या बाजूला एक बंद पडलेला कारखाना आहे. पत्रे उडालेले, कंपाउंडची भिंत अर्धी पडलेली, बाहेर बाभळी. तिथे पोचलो आणि रेडिओ कुठेही फिरवला तरी सिग्नल पूर्णच यायला लागला. आता दिशा कळेना.

तेवढ्यात पुलावरून ट्रेन गेली. तिचा भोंगा वाजला. माझ्या उजव्या कानात, हवेतून. आणि माझ्या हातात, रेडिओतून. एकाच क्षणी.

ज्यांच्याकडे डिजिटल रेडिओ आहे त्यांना यातलं समजेल. डिजिटल नेहमी मागे असतो. आवाज पकडून, उलगडून ऐकवायला त्याला वेळ लागतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचा साधा रेडिओ बातम्या सुरू करायचा आणि आमचा त्यानंतर थोड्या वेळाने. इथे काडीचाही फरक नव्हता. संजय माझ्याकडे बघत राहिला. त्याला ते माझ्याही आधी कळलं होतं.

"पाणी शोध," मी म्हणाले. "कुठे तरी पाणी ठिबकतंय."

भिंतीच्या मागे एक जुनी जाड पाइपलाइन जाते. तिच्या कडेने आम्ही काट्यांतून चालत राहिलो. मी आप्पा, आप्पा करत होते, घसा बसलेला. एका सांध्यातून पाणी गळत होतं आणि खाली खोदून अर्धवट सोडलेला खोल खड्डा होता. त्यात, भिंतीला टेकून, पांढऱ्या केसांचा एक माणूस पडला होता. पाय विचित्र मुडपलेला. ठिबकणारं पाणी बरोबर त्याच्या खांद्यापाशी.

मी खड्ड्याच्या काठावर गुडघ्यांवर बसले. त्याने मान वर केली.

आप्पा नव्हते.

मला इथे खोटं लिहायचं नाही. त्या क्षणी मला त्या माणसाचा राग आला. एवढा की मला ओरडून विचारावंसं वाटलं, तू कोण आहेस, माझे वडील कुठे आहेत? एवढ्या लांब आणलंस ते तुझ्यासाठी? संजय खड्ड्यात उतरला, त्याला पाणी पाजलं, ॲम्ब्युलन्सला फोन लावला. मी तिथेच मातीत बसून राहिले. मांडीवरचा रेडिओ कधी गप्प झाला ते कळलंच नाही. बघितलं तेव्हा स्क्रीनवर सिग्नल नाही असं लिहून येत होतं.

तो म्हातारा माझ्याकडेच बघत होता. ओठ फुटलेले. अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मना सोधाला आलीस ना गो पोरी?"

संजयने खालून माझ्याकडे बघितलं.

"हो बाबा," मी म्हणाले. "तुम्हालाच."

त्याने डोळे मिटले आणि तो रडायला लागला. डोळ्यांत पाणी येण्याइतकंही पाणी अंगात नव्हतं त्याच्या.

ॲम्ब्युलन्सने त्याला जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. आम्ही मागोमाग गेलो, कारण त्याच्याबरोबर कुणीच नव्हतं आणि तो माझं बोट सोडत नव्हता. आदल्या दिवशी आम्ही इतक्या हॉस्पिटलांत फिरलो, पण हा दवाखाना आमच्या यादीतच नव्हता. आप्पा कल्याणच्या पुढे, एवढ्या लांब जातील असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. तिथे त्याला स्ट्रेचरवरून पुरुषांच्या वॉर्डात नेत होते. मी बाजूने चालत होते. खिडकीजवळच्या खाटेवर कुणी तरी भिंतीकडे तोंड करून झोपलं होतं. निळा चेक्सचा शर्ट खाटेच्या दांडीवर अडकवलेला.

मी जागीच थांबले. स्ट्रेचर पुढे गेलं, बोट सुटलं.

"सिस्टर," मी खाटेकडे बोट दाखवलं. "सिस्टर, हे कोण?"

"ते ना? काल संध्याकाळी रिक्षावाले घेऊन आले. रस्त्यात पडलेले. खुब्याचं हाड मोडलंय. नाव विचारलं तर बाळू सांगतात, बाकी काही नाही. आज ठाण्याला पाठवायचेत, इथे ऑपरेशन होत नाही."

बाळू. राजापूरला त्यांची आई त्यांना बाळू म्हणायची. ते नाव मीसुद्धा लहानपणी एकदोनदाच ऐकलेलं. पोलिसांकडे तक्रार दत्तात्रय नावाची, आणि इथे कागदावर बाळू.

मी खाटेपाशी गेले. त्यांनी हळूच मान वळवली. भुवईवरचा व्रण. दाढीचे खुंट वर आलेले. माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं त्यांनी. माझ्या केसांत बाभळीची पानं होती, कपड्यांना माती, आणि मी हुंदके देत होते.

"बाई," आप्पा म्हणाले, अगदी मायेने, "तुमचं कोणी हरवलंय का?"

"हो," मी म्हणाले.

"सापडेल हो. रडू नका."

संजय दारातच भिंतीला टेकून खाली बसला.

तो म्हातारा म्हणजे गोमाबाबा. शहाडच्याच जुन्या आगरी कुटुंबातले. पूर्वी नदीकाठी त्यांची शेती होती, ती सगळी गेली. तरी अधूनमधून ते त्या जागेवर फेरी मारायला जायचे. तिथेच पाय घसरून खड्ड्यात पडले. घरच्यांना वाटलं, ते धाकट्या लेकीकडे राहायला गेलेत. लेकीला वाटलं, घरीच आहेत. त्यामुळे त्यांना कुणीही शोधत नव्हतं. सुरेखाताई, त्यांची थोरली मुलगी, दवाखान्यात आल्या तेव्हा हे सांगताना भिंतीवर डोकं आपटून घेत होत्या.

आप्पांचं ऑपरेशन ठाण्याला झालं. ते जरा स्थिर झाल्यावर मी गोमाबाबांना बघायला गेले. पायाला प्लास्टर, पण बोलायला खुटखुटीत. मला शेजारी बसवून घेतलं.

"तू नसतीस बोलली तर मी गेलोच व्हतो," ते म्हणाले.

मला वाटलं खड्ड्याजवळच्या बोलण्याबद्दल सांगताहेत. "आम्ही आलो तेव्हा तुम्ही जागेच होता की, बाबा."

"ते नाय गो. त्याच्या आधी. सकालचं. मना झोप येत व्हती. बरी वाटत व्हती झोप. आन तू मोठ्यान वरडलीस, आप्पा आप्पा करून. झोपू नका बोललीस. मी बोललो, मी आप्पा नाय, पन हाक तर मारतंय कोनतरी. म्हनून नाय झोपलो."

माझं लॅबवालं डोकं चालूच होतं. खड्ड्याकडे येताना मी ओरडतच होते, तेच त्यांनी ऐकलं असणार. उन्हाने, उपाशीपोटी माणसाला वेळेचं भान राहत नाही. मी तसं म्हणणार, एवढ्यात ते हसले.

"आन तुजा नवरा तुला बोलला ना, सुद्धीवर ये म्हनून? बोलला, यो काय फोन नाय."

हे वाक्य संजय आमच्या बाल्कनीत बोलला होता. मानपाड्याला. नंतर कधीच नाही, कुणासमोर नाही. सुरेखाताईंना आम्ही रेडिओचं काही सांगितलेलंच नव्हतं. कसं सांगणार होतो?

आम्ही शोधलं नाही असं नाही. पुढच्या रविवारी संजय त्या खड्ड्यात पुन्हा उतरला. माईक, मोबाइल, एखादं जुनं यंत्र, काहीही मिळेल म्हणून माती उकरली. पाइप, दगड आणि चप्पल एवढंच मिळालं. रेडिओच्या ग्रुपवर मी अर्धवट विचारून बघितलं, आप्पांचं नाव न घेता. लोकांनी खूप काही सुचवलं. कुठला तरी वायरलेस माईक, जवळच्या ट्रान्समीटरची गळती, रेल्वेचं काही तरी. एकाने लिहिलं की त्या सकाळी दुरुस्तीसाठी डिजिटल प्रसारणच बंद होतं, त्याच्याकडेही काही लागलं नव्हतं. म्हणजे आमच्याकडे बातम्या का लागल्या नाहीत, त्याचं उत्तर मिळालं. लागलं ते काय होतं, त्याचं नाही. आणि समजा शहाडचा आवाज कसा तरी आमच्यापर्यंत आला, तर आमचा तिकडे कसा गेला? हा रेडिओ आहे. त्यात बोलायची सोयच नाही.

त्याहून मला छळतो तो दुसरा प्रश्न. रेडिओने आम्हाला गोमाबाबांकडे नेलं, आप्पांकडे नाही. आणि गोमाबाबांकडे गेलो नसतो तर आप्पा बाळू म्हणूनच ठाण्याला गेले असते, कदाचित बाळू म्हणूनच संपले असते. कुणी कुणाला शोधत होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

आप्पा घरी आले, पण पुन्हा चालले नाहीत. शेवटचे काही महिने ते खाटेवरच होते. गोमाबाबा काठी टेकत त्यांना भेटायला यायचे, कधी तांदळाच्या भाकऱ्या बांधून आणायचे. आप्पा त्यांना त्यांचा गावचा चुलतभाऊ समजायचे आणि राजापूरच्या आंब्यांची, विहिरीची चौकशी करायचे. गोमाबाबा जन्मात राजापूरला गेलेले नाहीत. तरी सगळ्याला "व्हय, चांगलं हाय" म्हणत त्यांचा हात धरून बसायचे. आप्पा गेले त्या दिवशीही ते सुरेखाताईंना घेऊन सर्वांत आधी पोचले आणि बाजूला जमिनीवर बसून लहान मुलासारखे रडले.

आमच्या मजल्यावरच्या एक बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हे कोण गं तुमचे? गावचे?"

मी उठून पाण्याचा तांब्या आणला आणि गोमाबाबांच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसले.